अस्वल, रिव्हॉल्व्हर आणि मी

आई-बाबा, आत्या, मामा आणि समस्त वाचक नातेवाईक मंडळी, शीर्षक वाचून लगेच फोन उचलू नका. आधी शेवटपर्यंत वाचा. सगळे सुखरूप आहेत. अस्वलसुद्धा.

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्ये लिहिण्यासारखं काही घडलं नाही असं नाही, उलट जे घडलं ते कसं लिहावं ते कळत नव्हतं. तर सुरुवात २०२४ च्या जुलैपासून करतो.

लेकीला आणि मला मोंटानातलं ग्लेशियर नॅशनल पार्क बघायचं होतं. सिअ‍ॅटलहून गाडीने नऊ-दहा तास. बायको आणि मुलगा घरीच राहिले होते, त्याचं कारण पुढे येईल. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं आइसबर्ग लेकच्या ट्रेलवर निघालो. जाऊन येऊन पंधराएक किलोमीटर, चढ फारसा नाही, आणि शेवटी जुलैमध्येही बर्फाचे तुकडे तरंगत असलेलं निळंशार तळं. हा भाग ग्रिझलींचा म्हणून प्रसिद्ध आहे, हे माहीत होतं. पार्काच्या बाहेर एका दुकानातून बेअर स्प्रेचा डबा घेतलाही होता, आणि तो मी नीट, सांभाळून, सॅकच्या आत डब्याडुब्यांच्या खाली ठेवला होता. (हसा. मीही आता हसतो.)

एका वळणावर लेक थांबली. चाळीसएक पावलांवर, वाटेला लागूनच, गवतात तोंड खुपसून एक ग्रिझली काहीतरी खात होतं. खांद्यावरचा तो उंचवटा चित्रात पाहिला होता तसाच. त्याने मान वर केली. मग मागच्या पायांवर उभं राहून आमच्याकडे पाहिलं. मी काय केलं? सॅक खांद्यावरून काढली, गुडघ्यावर बसलो आणि चेन उघडायला लागलो. थालीपिठाचा डबा बाहेर, पाण्याची बाटली बाहेर, रेनकोट बाहेर. हात इतके थरथरत होते की चेन अडकली. आणि माझी चौदा वर्षांची लेक, जिने आदल्या संध्याकाळी रेंजरचं भाषण मन लावून ऐकलं होतं (मी फोटो काढत होतो), ती शांतपणे म्हणाली, "बाबा, उठ. पळायचं नाही. बोलत राहा आणि हळूहळू मागे चल." आणि मग अस्वलाशी, आपण शेजारच्या कुत्र्याशी बोलतो तशा आवाजात बोलत ती मला कोपराला धरून मागे घेऊन गेली. अस्वल खाली बसलं, दोन मिनिटं आणखी चरलं आणि उतारावरून निघून गेलं. बस्स, एवढंच.

पण रात्री मोटेलमध्ये मला झोप लागली नाही. घाबरलो होतो त्याचं काही नाही, ग्रिझली बघून घाबरू नये तर कुणाला बघून घाबरावं? लाज वाटत होती ती दुसऱ्याच गोष्टीची. बाप म्हणून मी सॅक उपसत बसलो होतो. आणि त्याच रात्री, दीड वाजता, फोनवर मी पहिल्यांदा शोधलं: हायकिंगला बाळगायला कोणतं रिव्हॉल्व्हर चांगलं?

पुढचे तीन महिने मी या विषयाचा अक्षरशः फडशा पाडला. आपल्या लोकांची सवयच आहे, कॅमेरा घ्यायचा असो की प्रेशर कुकर, आधी तक्ता करायचा. मीही केला. त्यातलं थोडं इथे देतो, कारण भारतातल्या वाचकांना हे जग अगदीच अनोळखी आहे.

अस्वलासाठी रिव्हॉल्व्हरच का, पिस्तूल का नाही? पिस्तुलात गोळ्या जास्त मावतात, १० मिलिमीटरच्या काही पिस्तुलांत पंधरासुद्धा, आणि अलीकडे अनेक लोक तेच घेतात. पण रिव्हॉल्व्हरच्या बाजूने बोलणारे म्हणतात की ते साधं असतं. एखादी गोळी फुसकी निघाली तर पुन्हा चाप ओढायचा, पुढची गोळी समोर येते. आणि जनावर अंगावर आलंच, नळी त्याच्या अंगाला टेकली, तर पिस्तुलाचा वरचा भाग मागे ढकलला जाऊन ते अडू शकतं, रिव्हॉल्व्हर अडत नाही. मग प्रश्न येतो ताकदीचा. .३५७ मॅग्नम हे काडतूस १९३५ चं, .४४ मॅग्नम १९५५ चं. दुसऱ्याला 'डर्टी हॅरी' या १९७१ च्या सिनेमाने जगभर नाव मिळवून दिलं. काळ्या अस्वलासाठी, कूगरसाठी (आपल्या बिबट्याचा इकडचा भाऊबंद म्हणा) .३५७ पुरतं असं मानतात, ग्रिझलीसाठी .४४ किंवा त्याहून मोठं. गोळी पसरणारी नको, कडक शिशाची हवी, कारण जाड चरबी, स्नायू आणि हाडं भेदून आत जायचं असतं. .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशलची सौम्य काडतुसंही चालतात, त्यामुळे सराव करता येतो. हा मुद्दा माझ्या तक्त्यात हिरव्या रंगात होता.

खरी मेख आहे ती वजनात. पोलादी .३५७ एक किलोच्या पुढे जातं. दिवसभर चढायचं तर एक किलो म्हणजे लिटरभर पाणी. म्हणून स्कँडियम नावाचा धातू मिसळून केलेलं, सातशे ग्रॅमच्या आसपासचं .४४ मिळतं. किंमत हजार डॉलरच्या पुढे. बाळगायला स्वर्ग! पण न्यूटन तिथे बसलेला असतोच. रिव्हॉल्व्हर जितकं हलकं, तितका हाताला दणका जास्त. इतका, की काही वेळा चक्रात वाट बघत बसलेल्या गोळ्यांची टोकं त्या हिसक्याने काडतुसातून पुढे सरकतात आणि चक्रच अडतं. म्हणजे ज्या साधेपणासाठी घेतलं, तोच जातो. शिवाय कमरेला लावावं तर सॅकचा पट्टा आड येतो, म्हणून छातीवरचं होल्स्टर घ्यायचं. एकेक गाठ सोडवावी तर पुढची तयार.

कायद्याचंही सांगून टाकतो, कारण इकडच्या अनेक मित्रांना हे माहीत नसतं. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, म्हणून मला विकत घेता येतं. एच-वन किंवा विद्यार्थी व्हिसावर असणाऱ्यांना संघराज्याच्या कायद्याने बंदूक किंवा गोळ्या बाळगायची सर्वसाधारणपणे मनाई आहे, शिकारीच्या परवान्यासारखे थोडेच अपवाद आहेत. गंमत म्हणून रेंजवर जाऊन भाड्याची बंदूक हातात घेणंसुद्धा महागात पडू शकतं. तेव्हा वीकेंडला फोटो काढायला जाण्याआधी वकिलाला विचारा. नॅशनल पार्कात २२ फेब्रुवारी २०१० पासून त्या त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे बंदूक बाळगता येते, पण बाळगणं वेगळं आणि उडवणं वेगळं. ग्रिझली इथल्या खालच्या राज्यांत १९७५ पासून संरक्षित आहे, खरोखर जिवावर बेतलं असेल तरच मारता येतं आणि नंतर सगळं सरकारला सांगावं लागतं. आणि ग्लेशियरच्या उत्तरेला कॅनडाची हद्द लागली की हँडगन नेणं बंदच. अस्वलं मात्र तीच. त्यांना पासपोर्ट लागत नाही. बॅन्फला रोज ट्रेलवर जाणारी माणसं रिव्हॉल्व्हरशिवायच जातात, हे वाक्य मी तेव्हा वाचून पुढे सरकलो होतो.

ऑक्टोबरमध्ये दुकानात गेलो. काउंटरमागचा म्हातारा माणूस फार सज्जन. त्याने विकायची काही घाई केली नाही. म्हणाला, आधी रेंजवर दोन्ही भाड्याने घेऊन बघ. मी घेतली. जड .३५७ मध्ये .३८ च्या गोळ्या घालून सात यार्डांवर, म्हणजे साधारण साडेसहा मीटरवर, कागदाची जेवणाची ताटली. घोडा मागे ओढून, श्वास रोखून, एकेक करत मारल्या तर पाचपैकी चार लागल्या. मी खूश. मग शिकवणारा म्हणाला, आता घोडा न ओढता, नुसता चाप दाबून, पटापट मार. अस्वल थांबत नाही. पाचपैकी एक. मग .४४ हलकं. पहिल्या बाराला मनगटापासून कोपरापर्यंत अशी कळ गेली की क्रिकेटमध्ये बोटावर बसलेला लेदरचा चेंडू आठवला. दुसऱ्या बाराच्या आधी माझे डोळे आपोआप मिटले. तिसरा मारलाच नाही. आणि हे सगळं कानांवर मफ लावून, उजेडात, सपाट जमिनीवर, समोर न हलणारी ताटली असताना.

घरी येऊन गणित मांडलं. ग्रिझली ताशी पस्तीस मैलांपर्यंत पळतं, म्हणजे सेकंदाला पंधराएक मीटर. आमच्यातलं आणि त्या अस्वलातलं अंतर तीसएक मीटर होतं. दोन सेकंद! दोन सेकंदांत ओळखायचं की हे नुसतं भिववायला येतंय की खरंच, होल्स्टरमधून काढायचं, आणि धावत्या, उसळत्या डोक्यावर नेम धरायचा. लेक बाजूला उभी असताना.

मग मी अभ्यास वाचले. टॉम स्मिथ आणि स्टीफन हेरेरो या दोघांनी इतरांबरोबर अलास्कातल्या घटनांचे दोन अभ्यास केले आहेत. २००८ च्या अभ्यासात बेअर स्प्रेच्या ८३ घटना. तपकिरी अस्वलांवर स्प्रे वापरला तेव्हा ९२ टक्के वेळा अस्वलाने जे चाललं होतं ते थांबवलं, आणि जवळून गाठ पडलेल्या, स्प्रे बाळगणाऱ्या ९८ टक्के लोकांना इजा झाली नाही. २०१२ च्या अभ्यासात बंदुकीच्या २६९ घटना. हँडगन ८४ टक्के वेळा कामी आली, लांब नळीच्या बंदुका ७६ टक्के. आता स्प्रेवाले लोक हे आकडे शेजारी शेजारी मांडून टाळ्या वाजवतात, ते मला पटत नाही. दोन्हीकडच्या घटना एकसारख्या नाहीत, स्प्रेच्या घटनांत नुसत्या चौकस किंवा खाण्याच्या मागे आलेल्या अस्वलांचाही भरणा आहे. पण दुसऱ्या अभ्यासातलं एक वाक्य मला विसरता येत नाही: ज्यांच्याजवळ बंदूक होती, त्यांनी ती वापरली किंवा नाही वापरली, इजेच्या बाबतीत फरक आढळला नाही.

माझा एक सहकारी मोंटानातच वाढलेला. त्याच्याजवळ .४४ आहे, वीस वर्षं. त्याला हे सगळं सांगितलं तेव्हा तो हसला. म्हणाला, माझ्याही हातात आधी स्प्रेच येतो, आणि रिव्हॉल्व्हरचा सराव मी दर महिन्याला करतो, तू करशील का? मी खरं उत्तर दिलं. नाही करणार. मी पोहायचा पास काढून तीनदा जाणारा माणूस. त्यामुळे बंदूक बाळगणाऱ्यांना मूर्ख म्हणणारा हा लेख नाही, हे आधीच सांगतो. त्याच्या हातात ते शोभतं. प्रश्न माझ्या हाताचा होता.

आणि इथे एक कबुली द्यायला हवी. तीन महिने मी अस्वल अस्वल करत होतो, पण मनात फक्त अस्वल नव्हतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅन्ससमधल्या ओलाथे गावात, एका बारमध्ये बसलेल्या भारतीय अभियंत्याला 'माझ्या देशातून चालते व्हा' म्हणत गोळी घालून मारलं गेलं. तेव्हापासून कुठल्याही आडवाटेच्या पार्किंगमध्ये, एकटी पिकअप उभी दिसली, की माझ्या पोटात काहीतरी हलतं. गेल्या आठ वर्षांत ट्रेलवर भेटलेल्या माणसांनी मला वाट दिली आहे, पाणी दिलं आहे, एकदा बंद पडलेली गाडी सुरू करून दिली आहे. तरीही हलतं. रिव्हॉल्व्हर हे त्या हलण्यावरचं औषध म्हणून मी शोधत होतो. मग एक दिवस चित्र उलटं करून पाहिलं. छातीवर रिव्हॉल्व्हर लावलेला, दाढी वाढलेला, सावळा मी, आणि समोरून येणारा माझ्यासारखाच कुणीतरी घाबरट माणूस. त्याच्या पोटात काय हलेल? दोघांजवळ असेल तर?

शिवाय जंगलात बंदूक असली की चूक कशी होते याचं उदाहरण आमच्याच राज्यात आहे. ऑगस्ट २००८ मध्ये सॉक माउंटनच्या ट्रेलवर एक बाई सॅकमध्ये काहीतरी ठेवत थांबली होती. अस्वलाच्या शिकारीला आलेल्या चौदा वर्षांच्या मुलाला ती अस्वल वाटली. ती गेली. मी सॅकवर वाकलो होतो ते पुन्हा पुन्हा आठवलं.

इतकं होऊनही मी रिव्हॉल्व्हर घेणार होतो, .३५७ वालं, पोलादी. सराव करेन असं स्वतःला वचन दिलं होतं. आमच्या राज्यात २०२४ पासून प्रशिक्षणाचा दाखला लागतो आणि पैसे भरल्यावर दहा कामकाजाचे दिवस थांबावं लागतं. दाखला मिळवला. पैसे भरायला शनिवारी जायचं ठरलं होतं.

त्या आधीच्या मंगळवारी मुलाची डॉक्टरांकडे भेट होती. आता मघाशी राहिलेलं कारण. (हे त्याला वाचायला देऊन, विचारून लिहितोय. तो म्हणाला, लिही, पण रडकं करू नकोस.) तो सतरा वर्षांचा आहे. त्या वर्षी तो हळूहळू आत आत जायला लागला होता. मित्रांकडे जाणं थांबलं, जेवायला बोलावलं तर 'भूक नाही', रात्रभर दिवा सुरू. म्हणूनच ग्लेशियरला बायको आली नव्हती. उन्हाळ्यापासून त्याचे उपचार सुरू होते. डॉक्टरीणबाई इथे मुलांच्या प्रत्येक तपासणीत एक प्रश्न विचारतात, आम्ही तो लहानपणापासून ऐकत आलोय, सीटबेल्ट लावता का, सायकलवर हेल्मेट घालता का, त्याच्याच ओळीत: घरात बंदूक आहे का? इतकी वर्षं मी तो प्रश्न ऐकून मनात 'हे अमेरिकन लोक' म्हणून हसायचो आणि 'नाही' म्हणायचो. त्या दिवशी माझ्या तोंडातून 'नाही' निघेना. चार दिवसांनी ते 'हो' होणार होतं. मुलगा माझ्याकडे बघत होता. बायकोने माझ्याकडे बघितलंच नाही, तिने खिडकीबाहेर बघितलं. ती तीन महिने काहीच बोलली नव्हती, आणि का बोलली नव्हती ते मला तेव्हा कळलं. मी आपणहून या प्रश्नापर्यंत येतोय का, हे ती बघत होती.

या देशात २०२३ साली बंदुकीने साधारण ४६,७०० माणसं मेली. त्यातली जवळजवळ २७,३०० स्वतःच्या हाताने. आणि हेरेरोंच्याच दुसऱ्या एका अभ्यासाप्रमाणे, १९०० ते २००९ या एकशे दहा वर्षांत अख्ख्या अमेरिका आणि कॅनडात जंगलातल्या काळ्या अस्वलांनी मारलेली माणसं ६३. हे दोन आकडे माझ्या तक्त्यात नव्हते. तक्त्यात नळीची लांबी होती, वजन होतं, गोळ्यांची संख्या होती. वर्षातले जे दहा-बारा दिवस आम्ही डोंगरात असतो, त्यातले दोन सेकंद होते. उरलेले साडेतीनशे दिवस ती वस्तू कुठे असणार, हा रकानाच मी आखला नव्हता.

कुणी म्हणेल, तिजोरी घ्यायची, किल्ली आपल्याजवळ. बरोबर आहे, आणि ज्यांच्या घरात बंदूक आहे त्यांनी हे केलंच पाहिजे. मला माझी आजी आठवली. आजोळी, संगमेश्वरजवळ, आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची जुनी बंदूक होती. डुकरं आणि माकडं यांच्यासाठी. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, मग परत आणायची, असा एक कार्यक्रमच असायचा. घरात ती कोठीच्या खोलीत. काडतुसं मात्र आजीच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली, आणि ट्रंकेची किल्ली तिच्या कनवटीला. आजोबा चिडायचे. डुकरं शेतात शिरली की आधी आजीला उठवा, मग किल्ली, मग ट्रंक, तोवर डुकरं जेवून हात धुवून गेलेली. आजी म्हणायची, "भात पुन्हा लावता येतो." लहानपणी आम्हाला तो विनोद वाटायचा. धाकटे मामा त्या काळात कसे होते, दोन वर्षं कुणाशी का बोलत नव्हते, ते आईने मला या नोव्हेंबरात फोनवर पहिल्यांदा सांगितलं. मामा, तुम्हीही हे वाचत असाल. तुम्हीच म्हणालात लिही म्हणून.

शनिवारी मी दुकानात गेलो नाही.

माझं मत विचाराल तर ते एवढंच आहे. रिव्हॉल्व्हर निवडताना आपण त्या दोन सेकंदांचा विचार करतो, कारण त्यात थरार आहे, त्यात आपण शूर असतो. पण आपण जे विकत घेतो ते साडेतीनशे दिवसांचं असतं. त्या दिवसांत घरात कोण राहतं, कुणाची कोणती रात्र वाईट जाते, आपण सराव करणार का, रागावलो की आपण कसे होतो, घाबरलो की कसे होतो, हे आधी बघावं. हे सगळं बघून ज्याला 'हो' म्हणता येतं त्याने जरूर घ्यावं, माझ्या मोंटानावाल्या मित्रासारखं. मला म्हणता आलं नाही. कॅलिबरचा प्रश्न त्यानंतरचा, आणि तो खरं तर सोपा आहे.

आता शेवटचं, म्हणजे चांगलं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये आम्ही पुन्हा ग्लेशियरला गेलो, चौघंही. लोगन पासपासून ग्रॅनाइट पार्क शॅलेपर्यंत हायलाइन ट्रेल, बारा किलोमीटर. त्या शॅलेची एक गोष्ट आहे. तिथे पूर्वी स्वयंपाकघरातलं खरकटं मागे टाकत, आणि रात्री ते खायला येणारी ग्रिझली बघायला पाहुणे जमत. १३ ऑगस्ट १९६७ च्या एकाच रात्रीत पार्कात दोन वेगवेगळ्या ठिकाणी दोन वेगवेगळ्या ग्रिझलींनी दोन तरुण मुलींना मारलं, त्यातली एक या शॅलेजवळच्या तळावर. त्यानंतर पार्काने कचऱ्याचे नियम बदलले, आपला कचरा आपण परत न्यायचा, अन्न उंच टांगायचं किंवा पेटीत ठेवायचं, खरकट्यावर अस्वलं पोसायची नाहीत. गेल्या पन्नास-साठ वर्षांत तिथे लाखो माणसं सुखरूप चालून आली, त्यात सगळ्यात मोठा हात मला या कंटाळवाण्या, शूर न दिसणाऱ्या कामाचा वाटतो. उष्टं आवरणं! आजीला हे फार आवडलं असतं.

आम्ही चौघंही जवळ जवळ चालत होतो. चौघांच्याही छातीच्या पट्ट्याला स्प्रे. जाण्याआधी आठवडाभर मागच्या अंगणात बिनमिरचीच्या सरावाच्या डब्याने आम्ही सगळ्यांनी सराव केला, सेफ्टी काढ, दोन्ही हातांनी धर, थोडं खाली नेम, दाब. शेजाऱ्यांनी बघून काय समजले असतील देव जाणे. वळण आलं की टाळ्या वाजवायच्या आणि ओरडायचं. लेक इंग्रजीत ओरडत होती. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग एका आंधळ्या वळणाआधी तो एकदम मराठीत, मोठ्याने ओरडला, "अहो अस्वलराव, आम्ही आलोय होऽऽ!" समोरून येणारं एक आजी-आजोबांचं जोडपं दचकलं आणि मग हसत सुटलं.

अस्वल काही दिसलं नाही. एका ठिकाणी ओल्या मातीत पंजा उमटला होता, मुलाने त्याच्या शेजारी स्वतःचा हात ठेवून फोटो काढला. तो फोटो आता त्याच्या खोलीच्या दारावर आहे.

तुमच्यापैकी कुणी डोंगरात काही बाळगत असेल, काठी, शिट्टी, स्प्रे किंवा बंदूकही, तर का आणि कसं ते जरूर लिहा. आणि आई, आता फोन कर. आम्ही घरीच आहोत.